धोबिणीखालचं घरकुल

एदेल्मिरा उकळतं पातेलं फडक्याशिवाय चुलीवरून उतरवते. नवा ट्रकवाला ते बघून "अहो, हात!" असं ओरडतो आणि जुना त्याला कोपराने ढोसतो. "गप बस. तिला भाजत नाही." म्हणजे कातडी भाजते, फोडही येतात, पण तिला ते कळतात दुसऱ्या दिवशी भांडी घासताना. तिच्या दहाही बोटांची टोकं मेलेली आहेत. नवऱ्याला नुसत्या हातांनी बर्फाखालून उकरताना ती गारठून बधिर झाली. फावडं बर्फ काढायच्या मशीनच्या मागेच बांधलेलं होतं, पण त्या घटकेला ते कुणालाच सुचलं नाही.

कोराल ब्लांको म्हणजे मेंदोसा शहराहून चिलेच्या हद्दीवरच्या बोगद्याकडे चढणाऱ्या रस्त्यावरची पाचसहा घरं, एक लोखंडी फाटक आणि एदेल्मिराची खाणावळ. वर वादळ झालं की फाटक पडतं, रस्ता बंद. फाटक पडलं की ट्रक थांबतात, आणि ट्रक थांबले की माणसांना भूक लागते. या तीन गोष्टींवर तिचा संसार उभा आहे. तिचा बाप इथल्या रेल्वेत होता. रेल्वे बंद पडली तेव्हा शहाणी माणसं खाली शहरात गेली. बाप गेला नाही, कारण सगळे गेले म्हणून आपणही जायचं हे त्याला पटत नव्हतं. मुलीने तोच स्वभाव उचलला.

अन्सेल्मो बर्फ काढायचं मशीन चालवायचा. देखणा नव्हता. शिट्टी छान वाजवायचा आणि ताटात उष्टं टाकायचा नाही. एवढ्या गुणांवर तिने त्याच्याशी लग्न केलं आणि पुढे त्याचा पस्तावाही केला नाही. मूल झालं नाही. दोघांनी एकदा शहरातल्या डॉक्टरला दाखवलं, परत येताना पाव आणि केरोसीन घेतलं, आणि तो विषय संपला.

गावाच्या वर, दोन वळणं ओलांडली की एक घळ रस्त्यावर उतरते. तिला सगळे धोबीण म्हणतात, कारण तिच्यातून बर्फ येतं ते साबणाच्या फेसासारखं, भसाभसा आणि खालचं सगळं धुऊन नेत. कधी येईल याचा नेम नाही. वादळात येईल, नाहीतर वादळानंतरच्या लख्ख उन्हात, लोक कोट काढून उभे असतील तेव्हा येईल. अन्सेल्मो प्रत्येक नव्या ड्रायव्हरला बजावायचा, "धोबिणीखालून जाताना पादायलासुद्धा थांबायचं नाही. बोगद्यात जाऊन काय ते कर." ड्रायव्हर हसायचे, पण थांबायचे नाहीत.

आणि तोच तिथे गेला. एक घसरण साफ करत होता, तेवढ्यात दुसरी आली.

या मुलखात रस्त्यावर माणूस गेला की त्याचा शेवटचा श्वास जिथे सुटला तिथे घरकुल बांधतात, कोंबडीच्या खुराड्याएवढं. आत फोटो, मेणबत्ती, त्याची एखादी वस्तू. समज असा की अचानक गेलेल्याचा जीव त्या जागेभोवती घोटाळतो आणि त्याला तहान लागते. म्हणून येणारे जाणारे थांबून पाण्याची बाटली ठेवतात. नाही थांबलं तर पुढे गाडी दगा देते, म्हणतात. अन्सेल्मोच्या धाकट्या भावाने, एवारिस्तोने, घरकुल बांधलं. सिमेंटचा ओटा केला, वर निळा रंगवलेला पत्रा घातला. पहिली बाटली एदेल्मिराने ठेवली. कुठे बांधायचं हा प्रश्न कुणालाच पडला नाही. गेला तिथे. त्यात विचारायचं काय?

अन्सेल्मो सगळ्यांना आवडायचा. त्यामुळे सगळे थांबू लागले. चिलेचे थांबले, ब्राझीलचे थांबले, पाराग्वायचे तर दोनदा, जाताना आणि येताना. उन्हाळा गेला, हिवाळा आला, तरी थांबले. निळ्या पत्र्याभोवती बाटल्यांचा ढीग झाला. एदेल्मिरा कढई घासता घासता वळणावरचा आवाज ऐकायची. ब्रेकचा सुस्कारा, मग शांतता, मग पुन्हा इंजिन. तिला बरं वाटायचं म्हणावं, तर तसंही नाही. ऐकायची एवढंच. नवरा गेल्यापासून तिला फारसं काही वाटत नसे, बरंही नाही आणि वाईटही नाही. लोक विचारायचे, ती रडली का? नाही रडली. फाटकावरच्या पोलिसांसाठी दुसऱ्याच दिवशी तिने मसुराचं कालवण केलं होतं, आणि मीठ बरोबर पडलं होतं.

निबाल्दो हा चिलेतल्या लोस आंदेसचा ट्रकवाला. आडवा, तांबड्या गालांचा, तोंडाचा पट्टा सतत चालू. हा एदेल्मिराला सासूबाई म्हणायचा.

"मला मुलगीच नाही, मेल्या."

"म्हणून तर सासू इतकी चांगली मिळाली."

"चहा हवाय ना? तुम्ही चिलेची माणसं चहा पिता म्हणून अंगात ऊब धरत नाही. माते पी, आमचा पाल्याचा काढा."

"ते कडू गवत तुमच्या घोड्यांना घाला, सासूबाई."

जूनमधल्या, म्हणजे इकडच्या हिवाळ्यातल्या, त्या दिवशी आभाळ खाली आलं होतं, मळक्या गोधडीसारखं. फाटक केव्हाही पडेल हे दिसत होतं. निबाल्दोने तिच्या अंगणात चाकांना साखळ्या बांधल्या, घाईघाईत दोन तळलेल्या पुऱ्या खाल्ल्या आणि संत्र्याच्या सरबताची रिकामी बाटली पुढे केली.

"सासूबाई, गरम पाणी भरा. सासऱ्याला वर बर्फ चोखायला लावू नये."

तिने भरली. झाकण सैल होतं म्हणून वर चिंधी बांधली. तो गेला, त्याच्यामागे फाटक पडलं. थोड्या वेळाने धोबिणीकडून आवाज आला. तो गडगडाट नसतो. जड माणूस गादीवर बसावा तसा आवाज असतो तो. भावाचं मशीन आता एवारिस्तो चालवायचा. तो ते घेऊन धावला, पोलीस धावले. या वेळी फावडी होती.

ट्रक रस्त्यावर नीट उभा होता. बर्फाने मागचा भाग रेटून वाकडा केला होता, पुढचं धड होतं. इंजिन चालू, दिवे लुकलुकत होते, दार उघडं. आत बसला असता तर कपाळाला टेंगूळ घेऊन घरी गेला असता. थांबलाच नसता तर टेंगूळही आलं नसतं. तो सापडला दार आणि घरकुल यांच्या मध्ये. एवारिस्तोने खाणावळीत येऊन संत्र्याच्या सरबताची बाटली गल्ल्यावर ठेवली.

"जॅकेटच्या आत होती," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला.

एदेल्मिराने बाटली उचलली. बोटांना काही कळेना, म्हणून तिने ती गालाला लावली. पाणी अजून कोमट होतं.

मग वादळ बसलं ते उठेना. आठवडा झाला, वर आणखी दिवस गेले. निबाल्दोचं प्रेत खाली उस्पायाता गावाला नेलं. चिलेतून त्याच्या बायकोला येता येईना, बोगदाच बंद. फाटकापासून खाली ट्रकांची रांग लागली, आणि रांगेतली माणसं खाणावळीत. भिजलेले मोजे, सिगारेटचा धूर, पत्त्यांचे डाव. या गर्दीतच ठरलं की निबाल्दोचं घरकुल करायचं. कुणाच्या गाडीत सिमेंट होतं, कुणाच्या पत्रे.

ओलेगारियो या सगळ्यांचा म्होरक्या. मेंदोसाचाच, पांढऱ्या मिशांचा, अन्सेल्मोचा जुना दोस्त. तो पावाने ताट पुसत म्हणाला, "अन्सेल्मोच्या अगदी शेजारी बांधू. दोघांना सोबत होईल. काय, दोन्या एदेल्मिरा?"

वयाने मोठ्या बाईला दोन्या म्हणायची पद्धत आहे. एरवी तो तिला नुसतं एदेल म्हणायचा. म्हणजे हे परवानगी मागणं होतं.

"आणि त्याला पाणी द्यायला कोण थांबणार?" तिने विचारलं.

"आम्ही आहोत की."

"कुठे थांबणार?"

"कुठे म्हणजे? तिथेच."

"धोबिणीखाली."

पत्त्यांचा डाव थांबला. कुणीतरी खोकलं.

"हे बघ एदेल, तो साखळ्या बांधायला उतरला होता," ओलेगारियो म्हणाला.

"साखळ्या त्याने माझ्या अंगणात बांधल्या. तू समोर उभा राहून त्याला चिडवत होतास, पोटामुळे चाक दिसत नाही म्हणून."

ओलेगारियोने ताटाकडे पाहिलं. ताट आधीच लख्ख पुसून झालं होतं.

"तो बाटली ठेवायला उतरला होता. बाटली मी भरून दिली. हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि आठवडाभर तुम्ही मला साखळ्यांची गोष्ट सांगताय. मी लहान मूल आहे का?" तिने ओगराळं पातेल्यात टाकलं. "तिथे दुसरं घरकुल होणार नाही. आणि पहिलंही राहणार नाही. रस्ता उघडायच्या आधी मी अन्सेल्मोला तिथून काढणार."

मग जो गलका झाला तो विचारू नका. पाराग्वायच्या एकाने क्रूसाची खूण केली. पोलिसांतला एक म्हणाला, कायद्याने याला हरकत नाही, पण त्याने असं केलं असतं तर आजीने त्याला घरात घेतलं नसतं. एवारिस्तो दारात उभा होता. त्याचा चेहरा भावासारखाच, फक्त शिट्टी नसलेला.

"वहिनी, मेलेल्याचं घर हलवत नाहीत. त्याचा जीव तिथे गेला."

"मला माहीत आहे, एवारिस्तो. मी तिथे होते."

निबाल्दोच्या बायकोचं नाव इस्मेनिया. तिचा फोन खाणावळीत आला. आवाज बारीक आणि कोरडा, खूप रडून झाल्यावर असतो तसा. तिने पत्र्याचं घरकुल तिकडेच करून घेतलं होतं, पिवळं. पहिल्या बसने घेऊन येणार होती.

"तिथे ठेवू नका. बर्फाची वाट आहे ती," एदेल्मिरा म्हणाली.

"तुमच्या नवऱ्याचं आहे ना तिथे?"

"काढतेय."

"तुमचा नवरा तुमचा, काय वाटेल ते करा. माझ्या माणसाची जागा ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"जिच्या नवऱ्यासाठी तुमचा थांबला ती."

पलीकडे फक्त खरखर. मग फोन बंद झाला.

आभाळ फाटलं त्या सकाळी ऊन डोळ्यांत सुया टोचल्यासारखं होतं. एवारिस्तो मशीनवर चढला तर आत एदेल्मिरा पहार घेऊन बसलेली.

"उतरा वहिनी."

"नाही."

"कामावर असताना बाई बरोबर नेता येत नाही."

"मग कळव वरच्या साहेबांना. फोन माझ्या खाणावळीत आहे."

त्याने फाटक उघडून घेतलं आणि मशीन चढू लागलं. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये ते दोघं, आणि काच पुसणाऱ्या रबराचा कुईकुई आवाज. धोबिणीखाली त्याने रस्ता मोकळा केला. घरकुलाचा फक्त निळा माथा वर दिसत होता. इंजिन चालू ठेवून, दार उघडं टाकून तो पायरीवर उभा राहिला, डोळे वरच्या उतारावर. ती खाली उतरून बर्फ फोडू लागली. थंडीने बाटल्या फुटून त्यांचा एकच गठ्ठा झाला होता. तो तिने पहारीने बाजूला लोटला. मग ओट्याला हात घातला, तर ओटा हलेना.

"इतकं सिमेंट कशाला ओतलंस?"

"भाऊ होता माझा."

तिने पुन्हा पहार घातली. घरकुल तसूभर सरकलं नाही. एवारिस्तोने उताराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि मशीनची साखळी घेऊन खाली आला. दोघांनी ती ओट्याभोवती गुंडाळली. मशीनने एक हिसका दिला आणि घरकुल ओट्यासकट जमिनीतून उपटून आलं, दाढेसारखं. आत अन्सेल्मोचा फोटो, त्याची लोकरी टोपी, कुणीतरी ठेवलेला खेळण्यातला ट्रक आणि मेणाचे थिजलेले ओघळ.

"निरोप घ्यायचा नाही?" एवारिस्तोने विचारलं.

"इथे उभं राहून? त्यानेच शिव्या घातल्या असत्या."

तिने एकदा वर बघितलं. धोबीण पांढरी, गप्प. नवऱ्याला दुसऱ्यांदा इथून उचललं, आता तरी काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. पाय गार पडले होते. बाकी काही नाही.

फाटकाच्या अलीकडे, ट्रकांना तसंही थांबावं लागतं तिथे, तिच्या अंगणाच्या कडेला त्यांनी घरकुल उतरवलं. जरा तिरपं बसलं. ओलेगारियो बघत उभा होता, हात खिशात.

"इथे तो मेला नाही, एदेल."

"नाही. इथे तो जेवायचा."

"त्याचा जीव वर भटकत राहील."

"राहू दे. त्याला धोबीण माहीत आहे, तो काय तिच्याखाली थांबणार आहे? थांबता ते तुम्ही."

फाटक उघडलं. रांग हलली. काही जणांनी उतरून नव्या जागी बाटली ठेवली, काही जणांनी मान फिरवली. ओलेगारियो पहिल्या दहापाचांत होता. त्याने काच खाली केली नाही. एदेल्मिरा ओगराळं हातात घेऊन दारात उभी राहिली. इंजिनं एका दमात वळण चढत होती. कुणी सवयीने भोंगा वाजवत होतं, पण थांबत नव्हतं. आणि मग ब्रेकचा सुस्कारा ऐकू आला. एकच. एवारिस्तोने तिच्याकडे बघितलं. दोघं कान देऊन उभे. वर शांतता. ओलेगारियोच, हे सांगायची गरज नव्हती. मग इंजिन पुन्हा सुरू झालं आणि चढण चढून गेलं.

काही झालं नाही. बहुतेक वेळा काही होत नाहीच. म्हणून तर लोक थांबतात.

दुपारी बोगद्याकडून पहिली बस उतरली. तिच्यातून काळा कोट घातलेली एक ठेंगणी बाई उतरली, हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. खाणावळीत आली ती तावातावानेच.

"एदेल्मिरा कोण?"

"मी."

"ड्रायव्हरला मी सांगून ठेवलं होतं, निळं घरकुल दिसलं की थांब. दिसलंच नाही. सगळीकडे एकसारखं पांढरं. बस थेट इथे आली. तुम्ही माझी जागा चोरलीत."

"बसा."

"माझा माणूस कुठे गेला ते मला दिसायला नको?"

"दिसायला हवं. बर्फाच्या वाटेत थांबवणार होतात त्या बसमध्ये किती माणसं होती?"

इस्मेनिया बसली. गोधडीतून पिवळ्या पत्र्याचा कोपरा बाहेर आला होता. एदेल्मिराने तिच्यापुढे कालवण ठेवलं, पाव ठेवला, आणि आत जाऊन संत्र्याच्या सरबताची बाटली आणून पावाशेजारी ठेवली. चिंधी अजून बांधलेलीच होती.

"ही त्याच्या जॅकेटमध्ये होती. मी भरून दिली होती."

इस्मेनिया कितीतरी वेळ बाटलीकडे बघत राहिली. कालवणावर साय धरली.

"थांबू नकोस असं सांगता आलं नाही तुम्हाला?"

"सांगायला हवं होतं. सगळेच थांबायचे, म्हणून नाही सांगितलं."

बाहेर फाटकाशी एक ट्रक उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, पोलिसाला कागद दाखवले, परत जाताना तिरप्या निळ्या घरकुलाशी वाकला, काहीतरी ठेवलं आणि गाडीत चढला. इस्मेनियाने खिडकीतून ते सगळं पाहिलं.

"इथे सगळ्यांनाच थांबावं लागतं?"

"फाटक आहे. चुकवता येत नाही."

"तो फार बोलायचा," इस्मेनिया म्हणाली. "त्याला एकटं बरं वाटत नसे."

ती उठली, गोधडी सोडली आणि बाहेर गेली. पिवळं घरकुल तिने निळ्याच्या शेजारी ठेवलं नाही. जरा लांब, तोंड चिलेकडे करून ठेवलं. खाली दगड लावून हलतं का ते दोनदा बघितलं. बाटली आत ठेवली. चिंधी सोडून कोटाच्या खिशात घातली. गुडघे टेकले, पण लगेच उठली. रडली नाही. परत आत येऊन गार कालवणासमोर बसली.

"गरम करून देते," म्हणत एदेल्मिराने चुलीवरचं मोठं पातेलं दोन्ही हातांनी धरलं.

"अहो, हात!" इस्मेनिया ओरडली.

"कळत नाही मला."

इस्मेनियाने बाकावर पडलेलं फडकं उचलून तिच्यापुढे केलं. एदेल्मिराने ते घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि पातेलं तसंच उतरवलं.